साधा फोटो, खरी धमकी

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीचा मित्राबरोबरचा साधा फोटो घरच्यांना पाठवीन, अशी धमकी एकजण देतोय. ॲपकडे तक्रार केली, तर ‘नियमभंग आढळला नाही’ असं उत्तर आलं. घरात फोन एकच, तो सगळेच हाताळतात. काय करावं?

उत्तर : तक्रार बहुधा फोटोची झाली. तपासणाऱ्याला त्यात अंगभर कपड्यांतली दोन मुलं दिसतात, बस. तुमच्या घरात त्या फोटोवरून काय वादळ उठेल, ते त्याला कुठून कळणार? म्हणून तक्रार धमकीच्या मेसेजची करा. कारण म्हणून ‘छळ’ किंवा ‘ब्लॅकमेल’ निवडा. लिहायला जागा असेल तर मुलगी अल्पवयीन आहे, समोरचा काय मागतोय आणि फोटो पोचला तर तिला काय धोका आहे, हे दोन ओळींत स्पष्ट लिहा.

त्याआधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रार करताना ब्लॉक केलं की काही ॲपमध्ये चॅटही पुसलं जातं. खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसू द्या. पुरावा तुमच्या फोनवर ठेवा. सामायिक फोनवर तो कुणीही उडवेल. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते.

‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ हा सल्ला स्वतंत्र फोन असलेल्यांसाठी लिहिलेला असतो. एकाच फोनच्या घरात अचानक लावलेलं लॉकच संशय ओढवतं. त्यापेक्षा लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, काम झालं की खात्यातून लॉगआउट करायला सांगा. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये, म्हणजे ते खातं आणखी कुठे उघडं आहे त्या यादीत, अनोळखी उपकरण दिसलं तर लगेच काढा.

त्याच चेहऱ्यावरून नग्न चित्र बनवलं गेलं, तर मार्ग वेगळा. अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन’ची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा 2023 पासून आहे. ती फोनवरच चित्राचा डिजिटल ठसा, म्हणजे ते चित्र ओळखणारा सांकेतिक क्रमांक, काढते. चित्र बाहेर जात नाही, नावही द्यावं लागत नाही. सहभागी कंपन्या ठशावरून प्रती शोधून हटवू शकतात, पण एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या, चॅटमधल्या नाही. असं चित्र पुरावा म्हणूनही पुढे पाठवू नका, कित्येक देशांत तो गुन्हा आहे.

घरी सांगायचं का? फक्त ओरडा बसणार असेल, तर तुम्ही आधी बोला आणि फोन काढून घेणार नाही, हे कबूल करून घ्या. त्याच धास्तीने मुलं गप्प राहतात. मारहाण, शाळा बंद किंवा घाईने लग्न अशी शक्यता असेल, तर घराआधी बालहेल्पलाइन.