डब्याला काय कळतं?

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. माणसाऐवजी वस्तू केंद्रस्थानी ठेवून एक संवादी वस्तू करायची होती. मी जेवणाचा स्टीलचा डबा घेतला. त्याच्या खालच्या चकतीत लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर), त्याचे संकेत आकड्यांत बदलणारं एचएक्स७११ मॉड्यूल आणि छोटा स्पीकर बसवला. अन्न उरलं की डबा रुसतो, ‘मला अर्धवट का सोडलंस?’ म्हणतो. वर्गात सगळ्यांना आवडला. सर मात्र म्हणाले, ‘यात डबा कुठेच नाही, सगळी तूच आहेस.’ असं का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सरांचं म्हणणं मला पटतं, आणि त्याचं कारण तुझ्या कोडमध्येच सापडेल. लोड सेल वापरताना आपण रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणतो, ‘टेअर’ करतो. तूही केलं असशील. म्हणजे पहिल्याच पायरीला तू हिशेबातून डबा वजा केलास. उरलं अन्न, अन्नावरून काढलास माणसाच्या वागण्याचा अंदाज आणि त्या वागण्यावर बोलायला डब्याला माणसाचाच रुसवा दिलास.

वस्तूंना केंद्रस्थानी ठेवणारे अमेरिकन तत्त्वज्ञ ग्रॅहम हार्मन यांनी २००२च्या ‘टूल-बीइंग’ या पुस्तकात जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या हातोड्यापासून सुरुवात केली. हातोडा नीट चालतो तोवर आपलं त्याच्याकडे लक्ष नसतं, मोडला की जातं, हे हायडेगरचं म्हणणं. हार्मन त्याच्या पुढे जातात. मोडलेला हातोडाही आपल्याला पुरता कळत नाही, आणि वस्तूसुद्धा एकमेकींना पुरत्या भेटत नाहीत. त्यांचं आवडतं उदाहरण आग आणि कापसाचं आहे. आग कापूस जाळते, तेव्हा त्याचा रंग आणि वास तिच्या गावीही नसतो.

डिझाइनरला हे तत्त्वज्ञान उपयोगी पडतं ते इथे. एखाद्या वस्तूला काय भेटतं आणि काय भेटतच नाही, हे शोधता येतं. आपोआप बंद होणारी विजेची किटली बघ. पाणी उकळलं हे तिला थेट कळत नाही. वाफ एका वाटेने द्विधातूच्या (दोन धातू जोडलेल्या) चकतीपर्यंत पोचते, चकती तापून उलटी वळते आणि बटण पडतं. झाकण उघडं ठेवलंस तर पुरेशी वाफ तिथवर पोचत नाही आणि पाणी उकळतच राहतं. चहा, सकाळ, पाहुणे यांतलं काहीही त्या चकतीच्या जगात नाही. जिन्यातल्या दिव्याचा पीआयआर सेन्सर तसाच. त्याला माणूस कळत नाही, अवरक्त उष्णतेतला बदल कळतो. तू पायरीवर स्तब्ध बसलीस की त्याच्या लेखी तू नसतेस.

या वाटेने केलेली कामं जरूर बघ. कॅनडात डिझाइन-संशोधक रॉन वॅकरी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘मोर्स थिंग्ज’ मांडल्या. सिरॅमिकची ही भांडी इंटरनेटवरून एकमेकांना मोर्स संकेत पाठवतात. तो संवाद घरातल्या माणसांसाठी नाही, त्यांच्या कानावर पडला तर पडला. याच गटाचा ‘टिल्टिंग बोल’ हा वाडगा दिवसातून अधूनमधून आपला आपण हळूच कलतो. तो त्यांनी तत्त्वज्ञांच्या घरी राहायला दिला. डिझाइन-संशोधक एलिसा जाकार्डी आणि सहकाऱ्यांनी किटली, फ्रिज आणि कप यांवर छोटे कॅमेरे लावून घर त्या वस्तूंच्या बाजूने पाहिलं. डिझाइनर सिमोने रेबाउदेंगोचा २०१२चा ‘ब्रॅड’ टोस्टर तुझ्या डब्याचा थोरला भाऊ म्हणायला हवा. पुरेसा वापर झाला नाही की तो दुसऱ्या घरी जायला बघतो. त्यात मालकीचा प्रश्न फार नेमका उभा राहतो, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. पण ब्रॅडचा रुसवा आपल्या घरातला आहे, टोस्टरच्या तारेतला नाही. वस्तूंना थोडं माणसासारखं कल्पिल्याने आपला अहंकार उतरतो, असं अमेरिकन विचारवंत जेन बेनेट म्हणतात. सुरुवातीला तेवढी मुभा घे, पण तिथेच मुक्काम करू नकोस.

आता डब्याकडे परत चल. टेअरची ओळ काढून टाक आणि ग्रॅममध्ये न बदललेले कच्चे आकडे दिवसभर नुसते नोंदव. वजन तेच असताना आकडा हळूहळू सरकताना दिसेल, कारण लोड सेलवर उष्णतेचा परिणाम होतो आणि दाबाखाली त्याचा धातू किंचित सैलावतो. आपण ही चूक समजून पुसतो. तुझ्यासाठी ती पहिली बातमी आहे. मग झाकणाकडे बघ. गरम भाजी भरून घट्ट लावलेलं झाकण गार झाल्यावर निघत नाही, कारण आतली वाफ पाणी होते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. डब्याच्या आयुष्यातली ही केवढी मोठी घटना! आणि ती कोणी जेवलं की नाही यावर अवलंबून नाही. झाकणात दाबाचा सेन्सर बसव, दुसऱ्या घरात तसाच दुसरा डबा ठेव. एकात दाब उतरला की दुसऱ्याच्या झाकणातली पातळ चकती तेवढीच आत जाऊ दे. स्पीकर काढ. परीक्षक ‘याचा उपयोग काय’ विचारतील, तेव्हा दोन्ही डब्यांच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेव.

प्रश्न : माझं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला आम्ही मशिनची पूजा करतोच. मग वस्तूंना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या परदेशी विचारात नवीन काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पूजेत कृतज्ञता असते, आणि ती बहुतेक मशिनने आपल्याला जे दिलं त्याबद्दल असते. हार्मन बोलतात ते जे आपल्या वाट्याला येत नाही त्याबद्दल. पण त्या दिवशी तुम्ही लेथ पुसून, हार घालून बंद ठेवता, तिच्याकडून काम घेत नाही. तेवढ्या दिवसापुरते तुम्ही या विचाराच्या पुष्कळ जवळ असता. शिवाय स्क्रूमध्ये किती ढिलाई आहे, कुठल्या वेगाला टूल थरथरतं, हे तुमच्या हाताला कळतं. दोन सारख्या लेथ सारख्या वागत नाहीत, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. डिझाइन शिकणाऱ्या मुलांना आठवडाभर तुमच्याकडे उभं राहू द्याल का?