दुकान भरलेलं असताना जाहिरातीचा हप्ता कशाला?

प्रश्न : दादर पश्चिमेला माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. दोन कारागीर आहेत, कटिंग आणि फिटिंग मी बघते. लग्नसराई आणि सणांच्या सात महिन्यांत महिन्याला २०० ब्लाउज होतात, उरलेल्या पाच महिन्यांत १२०. सरासरी शिलाई ९०० रुपये. त्यातले ३८० कारागिराला आणि १२० अस्तर, हूक, कॅनव्हासला जातात. भाडं, वीज वगैरे दरमहा ३८,००० रुपये. इन्स्टाग्राम, गुगलकडे बघायला वेळच मिळत नाही. एक एजन्सी महिना १८,००० रुपये अधिक जीएसटी घेऊन सगळं सांभाळते म्हणते. करार वर्षाचा. खर्च टॅक्समधून वजा होईल, असंही त्यांनी सांगितलं. तीन लाखांची एफडी मोडून हे करावं का?

उत्तर : एफडी मोडू नका आणि वर्षाच्या करारावर सही करू नका. ऑनलाइन दिसण्याची गरज खरी आहे, पण त्याची ही किंमत तुमच्या दुकानाला पेलणारी नाही.

ब्लाउजमागे तुमच्या हातात ४०० रुपये राहतात. तेजीच्या महिन्यात खर्च जाऊन ४२,००० उरतात, मंदीच्या महिन्यात १०,०००. वर्षाचे ३,४४,०००. एजन्सीचा हप्ता १८ टक्के जीएसटी धरून २१,२४० होतो, म्हणजे वर्षाला २,५४,८८०. कमाईचा जवळजवळ पाऊण हिस्सा. मंदीच्या महिन्यात तर बिल कमाईच्या दुपटीहून जास्त.

हा हप्ता नुसता भरून निघायला महिन्याला ५४ ब्लाउज जादा यायला हवेत. समजा आले, तर शिवणार कोण? कारागिराचे दिवसाला चार ब्लाउज आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर दोघांचे मिळून २०८ होतात. तेजीत २०० आधीच आहेत, जागा उरते आठांची. त्या सात महिन्यांचे १,४८,६८० रुपये तुम्ही अशा गिऱ्हाइकांसाठी मोजणार, ज्यांना 'आता ऑर्डर घेत नाही' असंच सांगावं लागेल. नाही म्हणवलं नाही आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज अर्धवट राहिला, तर गुगलवर एक तारा पडतो आणि तो सगळ्यांना दिसतो.

तुमच्या स्वतःच्या जीएसटी नोंदणीचा मुद्दा एजन्सीने काढलेला दिसत नाही. तुमची उलाढाल आज १८ लाख आहे. सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात २० लाखांनंतर नोंदणी करावी लागते. महिन्याला ५४ ब्लाउज वाढले की उलाढाल २३.८ लाखांवर जाते, म्हणजे हप्ता जेमतेम वसूल होईतो तुम्ही मर्यादेपलीकडे गेलेल्या असाल. सेवांसाठीची ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठोक दराने कर भरण्याची सोय) घेतली, तर तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. ९०० वर ५४ रुपये तुमच्या ४०० मधूनच जातील. वाढायचंच असेल तर जरूर वाढा, पण आधी सीएंबरोबर बसून दर ठरवा.

टॅक्स वजा होण्याचं म्हणाल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही. तुमचं बाकी उत्पन्न फार नसेल, तर वजा कशातून होणार?

एफडी हा दुकानाचा श्वास आहे. सहा महिन्यांचं भाडं-वीज २,२८,००० होतं आणि दुकान अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर असेल, तर तो संपल्यावर घरमालक भाडं किती वाढवेल याचा नेम नसतो. मुदतीआधी मोडल्यास बँक सहसा व्याज कापते, ते वेगळंच.

तेजीत दुकान भरलेलं असेल, तर दर वाढवायचा असतो. त्या सात महिन्यांत शिलाई ५० रुपयांनी वाढवा, त्यातले १० कारागिराला द्या. गिऱ्हाईक टिकलं, तर वर्षाला ५६,००० रुपये जादा, तेही एकही पोस्ट न टाकता. उलाढाल तरीही १८.७ लाखच राहते.

दिसण्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीपासून सुरुवात करा. ते फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'दादर बेस्ट ब्लाउज' असं काही चिकटवलंत, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीला व्हिडिओ मागितला, तर एका सलग चित्रीकरणात रस्ता, पाटी, शटर उघडताना तुम्ही आणि आतली मशिन्स दाखवा. मध्ये तुकडे जोडले की तो नाकारला जातो. वेळा आणि सुट्ट्या अचूक ठेवा. रिव्ह्यूचा क्यूआर कोड ट्रायल रूममध्ये लावा, मात्र रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गुगलला ते चालत नाही. 'पहिला नंबर मिळवून देतो' असं कोणी म्हटलं, तर लक्षात ठेवा की नकाशावरच्या निकालातली जागा गुगल पैसे घेऊन विकत नाही. ती शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची ओळख यांवर ठरते.

इन्स्टाग्रामला आठवड्याचा दीड तास पुरतो. तयार ब्लाउज डमीवर चढवून दाराच्या उजेडात मागच्या गळ्याचा फोटो काढायची सवय कारागिरांना लावा. मंदीच्या दुपारी मेटा बिझनेस सूटमध्ये (पोस्टची वेळ आधीच ठरवून ठेवायचं साधन) महिन्याच्या पोस्ट एकदम लावून टाका. व्हॉट्सॲप बिझनेसवर दर आणि लागणारे दिवस यांचं तयार उत्तर ठेवा, 'किती घेता?'ला दहा वेळा टाइप करणं वाचेल. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना धाडलेला संदेश, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पावतीवरच 'नंबर सेव्ह करा' छापा.

पैसे घालायचे तर फक्त मंदीत. आषाढात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला रोज २०० रुपये, २५ दिवस. जीएसटीसह ५,९०० होतात. दुकानाभोवती ३ किलोमीटरचं वर्तुळ, त्यात माहीम, माटुंगा, प्रभादेवी, परळ येतात. काही भाग अरबी समुद्रात जाईल, पण माशांना जाहिरात दिसत नाही. उद्दिष्ट 'मेसेज' ठेवा, लाइक्ससाठी पोस्ट बूस्ट करू नका. ऑर्डरच्या वहीत 'कुठून कळलं?' असा रकाना आखा. १५ ब्लाउज आले की खर्च निघाला. त्याहून कमी आले, तर पौषात फोटो आणि मजकूर बदलून एकदाच पुन्हा बघा आणि तेव्हाही जमलं नाही, तर जाहिरात बंद करा.

एजन्सीकडून काही घ्यायचंच असेल, तर एकरकमी काम घ्या : एक दिवसाचं फोटो चित्रीकरण आणि प्रोफाइलची मांडणी. प्रोफाइलचे प्राथमिक मालक तुम्हीच राहा, त्यांना फक्त मॅनेजरचा अधिकार द्या. इन्स्टाग्राम, जाहिरात खातं आणि डोमेन (वेबसाइटचा पत्ता) तुमच्या ईमेलवर उघडा, ओटीपी तुमच्या सिमवर येऊ द्या. काम संपलं की त्याच दिवशी त्यांचा अधिकार काढून पासवर्ड बदला.