यादी मोठी, पण झाड केवढं?

प्रश्न : एखाद्या जंगलाला संरक्षण द्यायचं की नाही, हे ठरवताना तिथे वनस्पतींच्या किती प्रजाती आहेत हे मोजलं की काम भागत नाही का? त्यात ‘उत्क्रांतीचं वैविध्य’ कशाला आणायचं? आणि हवामानच बदलणार असेल, तर कुंपण घालण्यापेक्षा सगळ्यांचं बी जपून ठेवणं सोपं नाही का?

उत्तर : शिकत असताना मी एका माळाची यादी केली होती. ३८ प्रजाती! फुशारकीनं सरांना दाखवायला गेले. त्यांनी कागद वर-खाली पाहिला आणि एवढंच विचारलं, “कुळं किती?” मोजली तर अर्ध्याहून जास्त प्रजाती गवतं आणि सूर्यफुलाच्या कुळातल्या निघाल्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

सगळ्या वनस्पतींचा मिळून एक वंशवृक्ष आहे, असं समजा. काही फांद्या परवा-परवा फुटलेल्या आणि टोकाला दाट झुपके असलेल्या. काही कोट्यवधी वर्षं एकट्याच वाढत आलेल्या. १९९२ मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅनियल फेथ यांनी सुचवलं, की नुसती टोकं, म्हणजे प्रजाती, मोजू नका, फांद्यांची लांबी, म्हणजे त्या किती वर्षं वाढत आल्या ते मोजा. ‘उत्क्रांतीचं वैविध्य’ म्हणजे हीच बेरीज. मनातल्या मनात हिशेब करून बघा. एका जागी १० प्रजाती आहेत, पण त्या सगळ्या २० लाख वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटलेल्या. दुसऱ्या जागी चारच आहेत, पण त्या १० कोटी वर्षांपूर्वीच एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या. १० कोटी वर्षांपूर्वीच्या मुळापासून मोजलं, तर पहिल्या जागी फांद्यांची बेरीज ११.८ कोटी वर्षं भरते, दुसऱ्या जागी ४० कोटी. यादी बघणारा पहिली जागा निवडेल.

हा नुसता कागदी हिशेब नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या वनस्पतींवर २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडे वनस्पतींची गर्दी मोठी, पण त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या. पूर्वेकडे गर्दी कमी आणि नाती लांबची. म्हणजे फक्त संख्येच्या मागे लागलं असतं, तर पूर्वेकडचा वारसा नजरेतून सुटला असता. (म्हणून पश्चिम सोडून द्या, असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे उत्क्रांती आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे.) प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरची अँबोरेला ही वनस्पती तर आज जिवंत असलेल्या सगळ्या सपुष्प वनस्पतींपासून सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी, आणि त्या फांदीवर आज एकच प्रजाती उरली आहे. यादीत तिची एक ओळ. झाडावर मात्र एक अख्खी फांदी.

आता हवामान. झाडाला चालता येत नाही. सरकायचं तर बियांमधून, एकेका पिढीनं. कुंपण तर जागचं हलतच नाही. उंचीवर दर १०० मीटरला तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. त्यामुळे ज्या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा अख्खा उतार येतो, तिथल्या रोपांना वर सरकायला वाट असते. सपाट प्रदेशात तेवढाच गारवा गाठायला खूप लांब जावं लागतं आणि मध्ये शेतं, रस्ते लागतात. २०२२ च्या जैवविविधतेविषयीच्या जागतिक करारात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन संरक्षित करायचं ठरलं आहे. मला टक्क्यांपेक्षा ते कुठले, याची जास्त काळजी वाटते. ओसाड, कुणालाच नको असलेली जमीन दाखवूनही आकडा पुरा करता येतो.

कुंपणालाही मर्यादा आहेतच. ऑस्ट्रेलियातला वोलेमी पाइन १९९४ मध्ये एका राष्ट्रीय उद्यानातल्या दरीत सापडला. पूर्ण वाढलेली झाडं शंभरही नाहीत. जागा गुप्त ठेवली, तरी मुळं कुजवणारा एक रोगजंतू तिथे पोचला, बहुधा कुणाच्या तरी बुटांच्या मातीतून. मग २०१९-२० च्या वणव्यात हेलिकॉप्टरमधून माणसं दरीत उतरवून, झाडांभोवती पाणी सोडून ती वाचवावी लागली.

बियांचं म्हणाल, तर बी-पेढ्या हव्यातच. पण ओक, कोको, रबर यांचं बी वाळवलं की मरतं, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं ते गोठवून ठेवता येत नाही. उष्ण कटिबंधातल्या दमट जंगलांत अशी झाडं बरीच आहेत. त्यांना जमिनीतच जागा द्यावी लागते.