रिपोर्टात तिरक्या अक्षरांत येणारं ते नाव

गेल्या महिन्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर लिहिल्यापासून इंदूरच्या वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: रिपोर्टातला अनोळखी शब्द.

वडिलांच्या बायोप्सीत नुसतं 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा' होतं, ऑपरेशननंतर 'म्युसिनस अ‍ॅडेनोकार्सिनोमा' आलं. पहिल्या लॅबची चूक का? (रामबाग)

नाही हो. 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा' म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. बायोप्सीत आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या हाती तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच तुकडे येतात. 'म्युसिनस' म्हणायला गाठीचा ५० टक्क्यांहून जास्त भाग पेशींबाहेर साचलेल्या चिकट द्रवाचा, म्हणजे म्युसिनचा, असावा लागतो. दाण्यांवरून पोत्याचा हिशेब कसा मांडायचा? पहिल्या डॉक्टरांनी जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं, ते बरंच केलं. (स्लाइडवर हे दृश्य पाकात तरंगणाऱ्या तुकड्यांसारखं दिसतं. इंदूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार!) वडिलांच्या उपचाराचं गणित या नावापेक्षा स्टेजवर आणि एमएमआर तपासणीवर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत शाबूत आहेत का, ते पाहणारी) अधिक ठरेल.

बहीण ३८ वर्षांची. कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात) 'सिग्नेट रिंग' प्रकार निघाला. आता डॉक्टर जठराची एंडोस्कोपी आणि अंडाशयाची तपासणी करायला सांगताहेत. आतड्याचा आजार असून पोट कशाला तपासायचं? (राजेंद्रनगर)

सराफ्यात दिवसा गेलात तर जुन्या घडणीची मोहोरेची अंगठी मिळते, एका बाजूला जाड. तशीच ही पेशी. तिच्या आतच म्युसिन भरतं, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि चंद्रकोरीसारखं चपटं होतं. अशा पेशी निम्म्याहून जास्त असतील तरच हे नाव. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार सुमारे १ टक्का. जठरात तो कितीतरी जास्त आढळतो. म्हणून आधी शंका हीच, की पेशी इथल्याच की पाहुण्या? स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारातूनही त्या आतड्यात उतरतात.

आम्ही सीके-२०, सीडीएक्स-२, सॅटबी-२ असे मार्कर, म्हणजे ठरावीक प्रथिनं रंगवून पेशीचं मूळ सुचवणाऱ्या तपासण्या, लावतो. सॅटबी-२ कोलनकडे झुकतं माप देतो, पण सीडीएक्स-२ जठराच्या गाठीतही उमटतो, तेव्हा नुसत्या रंगावर निकाल लागत नाही. शेजारी अ‍ॅडेनोमा, म्हणजे कॅन्सरपूर्वीची वाढ, दिसली तर इथलीच गाठ असण्याला जोर येतो. जठर प्रत्यक्ष पाहावंच लागतं.

अंडाशयाचं कारण वेगळं. या पेशी पोटाच्या आवरणात आणि अंडाशयात पसरतात. १८९६ मध्ये क्रुकेनबर्गने अशा गाठींचं वर्णन केलं, तेव्हा त्याला त्या अंडाशयाच्याच वाटल्या होत्या. त्या बाहेरून आलेल्या असतात हे नंतर कळलं. डॉक्टर बरोबर सांगताहेत, टाळू नका.

आईच्या (वय ७१) रिपोर्टात 'मेड्युलरी' आणि सर्जन म्हणतात, 'ऐकायला वाईट आहे, तेवढं वाईट नाही.' समजूत काढताहेत का? (लोकमान्यनगर)

समजूत नाही, अनुभव. मेड्युलरीत ग्रंथींची रचना जवळजवळ दिसतच नाही, पेशींचे सलग पट्टे दिसतात, म्हणून दिसायला तो उग्र. पण त्यात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते: शरीराने गाठ ओळखलेली असते. बहुधा उजव्या बाजूला आणि उतारवयातल्या बायकांमध्ये निघतो.

घोळ होतो तो न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाशी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींचा कॅन्सर), कारण दोन्हींत पट्टे. तिथे सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन हे मार्कर लावून पाहतात. उपचार पार वेगळा असल्यामुळे ही गल्लत महागात पडते. मेड्युलरीत बहुतेकदा एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही एमएमआरमधली प्रथिनं जोडीने हरवतात. मग बीआरएएफ हे जनुक तपासा. त्यात ठरावीक बदल सापडला तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या प्रवृत्तीची, शक्यता फार कमी होते. नाही सापडला, तर पुढची तपासणी आणि जेनेटिक सल्ला हवा. आईपेक्षा तुमच्यासाठी आणि भावंडांसाठी. आजार पसरलेला असला तर याच दोषामुळे इम्युनोथेरपीचा (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा) मार्गही खुला होतो.

दुसरं मत घ्यायला मुंबईला काय न्यायचं? (सुदामानगर)

स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक, दोन्ही. नवा मार्कर लावायचा तर ब्लॉक लागतो. जुना रिपोर्ट आणि स्कोपीचा कागद सोबत ठेवा. आणि मे महिन्यात ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.