ऑइलचं तापमान मोजायचं कुठे?

इंजिनातलं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून त्यात तापमानाचा सेन्सर बसवला तर चालेल का? बाइक एअर-ऑइल कूल्ड, सिंगल सिलिंडर आहे. (मुलुंड)

आधी बोल्टचे आटे मोजा. सुटा मिळणारा सेन्सर बहुतेक वेळा एक-अष्टमांश इंच एनपीटी (निमुळत्या पाइप-आट्यांचं माप) आट्यांचा, म्हणजे सव्वादहा मिलिमीटर जाडीचा असतो. बोल्ट एम 12 × 1.5 (व्यास 12 मिलिमीटर, पिच 1.5) असेल तर आट्यांच्या तळाशी त्याची जाडीही जवळपास तेवढीच भरते. भोक पाडल्यावर भिंत उरणार कुठून? एम 14 मध्ये जेमतेम एक मिलिमीटर उरते, तीही भरवशाची नाही. त्यामुळे बोल्टच्याच मापाचा तयार सेन्सर घ्या.

व्यासाबरोबर पिचही, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरही, जुळायला हवी. 1.5 च्या जागी 1.25 चा सेन्सर दोन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) आटे गेलेच. सेन्सर शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. त्याचं टोक मूळ बोल्टपेक्षा लांब असेल तर आतल्या जाळीला टेकत नाही ना, हे पाहा. वायसर नवा घाला. सेन्सर पितळी आणि पोकळ असतो, स्टीलच्या बोल्टसारखा आवळला तर मानेतच तुटतो. त्याच्याबरोबर दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळा. मूळ बोल्टला धातूचा चुरा पकडणारा लोहचुंबक असेल तर तो गमावताय, हेही लक्षात घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे. सेन्सर आणि कनेक्टर मिळून इंजिनाच्या खाली दीड-दोन सेंटिमीटर लोंबतात. आपल्याकडचे खड्डे आणि सोसायट्यांनी हौसेने बांधलेले स्पीड ब्रेकर पाहता, बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच) नसेल तर हा प्रकार करूच नये. सेन्सर तुटला तर ऑइल थेट मागच्या टायरसमोर सांडतं. प्लेट असेल तर सेन्सर आणि प्लेट यांच्यात किमान दहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवा.

मग ऑइल कूलरच्या पाइपात बसवू का? (डोंबिवली)

बसवा, पण इंजिनातून कूलरकडे जाणाऱ्या पाइपात. परतीच्या पाइपात थंड होऊन आलेलं ऑइल दिसतं. जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत मोकळं पळताना तो आकडा छान वाटतो. घोडबंदर रोडच्या कोंडीत कूलरला वाराच नसतो, तेव्हा दोन्ही पाइपांमधला फरक बराच कमी होतो. म्हणून मित्राच्या बाइकच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याचा सेन्सर कुठे आहे, ते विचारा.

हेडलाइट लावला की मीटर आठ-दहा अंश वर जातो. सेन्सर बाद झाला का? (चेंबूर)

सेन्सर नाही, अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची जोडणी) पाहा. एका वायरच्या सेन्सरची अर्थ इंजिनाच्या धातूतून येते. मीटरची अर्थ मात्र हँडलपाशी हेडलाइटच्या वायरला जोडली असेल, तर दिवा लागताच त्या वायरवर थोडं व्होल्टेज पडतं आणि मीटर फसतो. मीटरची काळी वायर वेगळी काढून इंजिनाच्या बोल्टवर किंवा बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. पॉझिटिव्ह इग्निशनच्या लाइनवरून, 2 अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळले असतील तर तेही काढा. त्याने अर्थ तुटते आणि आकडा खाली दिसतो.

यातले बहुतेक सेन्सर तापल्यावर रेझिस्टन्स कमी करणारे असतात. म्हणून वायर तुटली की मीटर तळाला जातो आणि वायर घासून फ्रेमला लागली की एकदम कमाल आकडा दाखवतो. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तरी आकडा चढतो. वॉटरप्रूफ कनेक्टर आणि हीट श्रिंक स्लीव्ह वापरा.

गाडीत आधीच इंजिन टेम्परेचर सेन्सर आहे. त्याचीच वायर टॅप केली तर? (दहिसर)

नको. ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) त्या वायरवरचं व्होल्टेज वाचून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. मीटर समांतर जोडला की रेझिस्टन्स घटतो, ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा गरम वाटतं आणि तो पेट्रोल कमी सोडतो. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते ती यामुळेच. स्वतंत्र सेन्सर लावा.

मीटर खरा आकडा दाखवतोय हे कसं ओळखायचं? आणि किती आकड्याला थांबायचं? (ठाणे)

बसवण्यापूर्वी सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात बुडवा. एका वायरचा असेल तर सेन्सरचं अंग बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायला विसरू नका. मुंबईत 100 अंश दिसायला हवेत. महाबळेश्वरात हाच प्रयोग केला तर 95-96 मिळतील, कारण तिथे पाणीच तेवढ्यावर उकळतं. दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतात. पंधरा-वीसचा फरक आला तर सेन्सर आणि मीटर एकमेकांसाठी बनलेले नाहीत. दोन्ही एकाच संचातले घ्या.

चेंबरमधलं ऑइल 90 ते 120 अंशांत असेल तर निवांत चालवा. 130 च्या पुढे सतत राहिलं तर ऑइल पातळ होतं आणि लवकर खराब होतं. अशा वेळी बाइक सावलीत बंद करा. इंजिन सुरू ठेवून उभं राहिलात तर वारा मिळत नाही आणि आकडा चढतच राहतो. मोकळ्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगातही तो नेहमीपेक्षा दहा-पंधरा अंश वर गेला तर आधी ऑइलची पातळी बघा, मग कूलरच्या जाळीत अडकलेला चिखल.