हॉल गेला, लार्सन आला : ट्रेडमागचा युक्तिवाद कसा तपासावा

प्रिय मित्रा,

तुझा लेख सावकाश वाचला. 29 जून 2016 रोजी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधील एडमंटन ऑयलर्स संघाने आपला फॉरवर्ड टेलर हॉल न्यू जर्सी डेव्हिल्सला दिला आणि त्याच्या बदल्यात एकटा बचावपटू ॲडम लार्सन घेतला, त्यात एडमंटनची सपशेल फसगत झाली, असा तुझा निष्कर्ष आहे. या निष्कर्षाशी माझे फारसे भांडण नाही. तू तिथवर ज्या वाटेने गेला आहेस, ती मात्र मला पटलेली नाही. हॉलने 2017-18 च्या हंगामात 39 गोल आणि 54 असिस्ट मिळून 93 पॉइंट केले व लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी पटकावली, हा तुझा मुख्य पुरावा आहे. पण पीटर किआरेली या एडमंटनच्या जनरल मॅनेजरने निर्णय घेतला तो 2016 च्या जूनमध्ये, आणि त्याच्या टेबलावर पुढच्या दोन हंगामांची आकडेवारी नव्हती.

हीच मोजपट्टी त्याच्या एक वर्ष आधीच्या हंगामाला लावून पाहा. 2016-17 मध्ये एडमंटनने 103 गुण मिळवले, 2006 नंतर प्रथमच प्लेऑफ गाठला, पहिल्या फेरीत सॅन होजेला हरवले आणि दुसऱ्या फेरीत ॲनाहाइमशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली. तिकडे हॉलचे 53 पॉइंट झाले आणि न्यू जर्सी प्लेऑफच्या आसपासही नव्हती. त्या उन्हाळ्यात लिहायला बसला असतास, तर याच पद्धतीने किआरेलीला दूरदर्शी ठरवून मोकळा झाला असतास. शिवाय त्या यशात लार्सनचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. आधीच्या हंगामात कॉलरबोन मोडल्यामुळे 45 सामन्यांवर थांबलेला एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड या हंगामात पूर्ण 82 सामने खेळला आणि त्याने 100 पॉइंट केले. गोलरक्षक कॅम टॅलबटने 73 सामने पेलले. एवढे सगळे एकाच वेळी घडत असताना श्रेय एका ट्रेडला देणे जितके धाडसाचे, तितकेच पुढच्या हंगामातल्या घसरणीचे खापर त्याच ट्रेडवर फोडणे.

म्हणून आधी गरज तपास. एडमंटनने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 2010 साली हॉल, 2011 साली नुजेंट-हॉपकिन्स, 2012 साली याकुपोव्ह आणि 2015 साली मॅकडेव्हिड असे चार फॉरवर्ड पहिल्या क्रमांकावर निवडले, 2014 साली तिसऱ्या क्रमांकावर ड्रायसायटल घेतला, आणि तरीही सलग दहा हंगाम हा संघ प्लेऑफबाहेर राहिला. बचावफळी कच्ची होती, आणि त्यातही स्टिकचे पाते अंगाच्या उजव्या बाजूला ठेवून खेळणाऱ्या, म्हणजे राइट-शॉट डिफेन्समनची वानवा होती. हा मुद्दा तू एका वाक्यात उडवून लावला आहेस, ते योग्य नाही. बर्फावर नेमके काय घडते ते डोळ्यांसमोर आण. आपल्या गोलच्या मागून पक, म्हणजे खेळातली चकती, उजव्या बोर्डला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीला, घासत येते आहे आणि प्रतिस्पर्धी फॉरवर्ड अंगावर धावून येतो आहे. राइट-शॉट खेळाडूच्या स्टिकचे पाते तेव्हा बोर्डच्या बाजूला असते. तो फोरहँडवर पक अडवतो, मान वर करतो आणि मैदानाकडे पाहतच पुढचा पास देतो. लेफ्ट-शॉट खेळाडूला तोच पक बॅकहँडवर घ्यावा लागतो किंवा अंग वळवावे लागते, आणि त्या अर्ध्या क्षणात अंगावर येणारा येऊन आदळलेला असतो. मॅकडेव्हिडसारख्याला वेगात असताना पक पोहोचवायचा असेल, तर तो पोहोचवणारा हात मागे हवाच. लार्सन तेव्हा 23 वर्षांचा होता, 2011 च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला होता, न्यू जर्सीसाठी सामन्यामागे 22 मिनिटांहून अधिक वेळ आणि तोही बहुतांशी बचावाच्या कठीण प्रसंगी खेळत होता. त्याचे 18 पॉइंट हॉलच्या 65 पॉइंटांशेजारी मांडून तू तुलना पुरी केली आहेस. दोघांना दिलेले काम वेगळे होते, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आता किंमत. येथे तुला एक चांगला दाखला हाती असून सुटला आहे. त्याच वर्षी 6 जानेवारीला नॅशव्हिलने सेथ जोन्स कोलंबसला देऊन रायन जोहान्सन घेतला होता. तिथेही एकास एक, एका बाजूला तरुण राइट-शॉट डिफेन्समन आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या फळीचा फॉरवर्ड. म्हणजे अशा बचावपटूचा बाजारभावच तेवढा होता, असे किआरेलीच्या बाजूने म्हणता येते, आणि विरोधी बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा तू स्वतःहून मांडायला हवा होतास. तो मांडल्यावरच त्यातली फट दिसते. जोहान्सनचा करार 2017 मध्ये संपणार होता आणि त्यानंतर त्याला मोठी रक्कम मोजावी लागणार हे उघड होते, तर हॉल 24 वर्षांचा होता आणि वर्षाला 60 लाख डॉलरवर आणखी चार हंगाम बांधलेला होता. एवढ्या पैशात एवढा खेळाडू सहसा मिळत नाही. एडमंटनने केवळ एक विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, दिला नाही, त्याच्यासोबत तो स्वस्त करारही दिला, आणि त्याची वेगळी भरपाई घेतली नाही. गरज खरी होती, मोल मात्र जास्त गेले, असे माझे मत आहे, आणि ते मांडायला हार्ट ट्रॉफीची साक्ष काढावी लागत नाही.

तुझ्या लेखातली सर्वांत मोठी उणीव मात्र पुढच्या दोन दिवसांत दडलेली आहे. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप कडक असते. 2016-17 साठी ती 7 कोटी 30 लाख डॉलर होती. आयपीएलच्या पर्सची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ही कल्पना समजावत बसण्याची गरज नाही. हॉलचे 60 लाख गेले, लार्सनचे सुमारे 41 लाख 67 हजार आले, म्हणजे साधारण 18 लाखांची जागा मोकळी झाली. 1 जुलै रोजी एडमंटनने मिलान लुचिचशी सात वर्षांचा, 4 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. 2012 साली हॉलशी झालेला करारही नेमका तेवढ्याच वर्षांचा आणि तेवढ्याच रकमेचा होता! डाव्या विंगवरचे 60 लाख तसेच राहिले. माणूस मात्र 24 वर्षांच्या वेगवान खेळाडूऐवजी 28 वर्षांचा धिप्पाड खेळाडू आला, आणि करार 2020 ऐवजी 2023 पर्यंत लांबला. ड्रायसायटलचा नवा करार 2017 मध्ये आणि मॅकडेव्हिडचा 2018 मध्ये करावा लागणार, हे त्या दिवशीही कॅलेंडरवर लिहिलेले होते. त्यामुळे तपासायचा व्यवहार हॉल विरुद्ध लार्सन असा नाही, तर हॉल विरुद्ध लार्सन अधिक लुचिच, वजा पुढच्या वर्षांतली कॅपची मोकळीक, असा आहे. किआरेलीच्या युक्तिवादाची खरी पडझड इथे होते, आणि ती 1 जुलै 2016 च्या संध्याकाळीच दाखवून देता आली असती. लुचिचचे पॉइंट पहिल्या हंगामात 50 आणि 2018-19 मध्ये 20, ही माहिती त्यानंतर पुरवणी म्हणून खुशाल दे.

हॉल असताना ड्रेसिंग रूमला हरण्याची सवय लागली होती, म्हणून त्याला घालवणे भाग होते, हा युक्तिवाद तू खोडून काढण्यात दोन परिच्छेद खर्च केले आहेस. त्याला एवढा मान देऊ नकोस. ज्या संघात एकामागून एक प्रशिक्षक बदलले, ज्याची बचावफळी वर्षानुवर्षे उभीच राहिली नाही, तिथल्या पराभवाचे ओझे सर्वाधिक पॉइंट मिळवणाऱ्या खेळाडूच्या स्वभावावर टाकणे मला तरी सोयीचे वाटते. त्या बंद दाराआड काय चालले होते हे तुला आणि मला तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्यावर लेखाचा भार टाकू नये. न्यू जर्सीची बाजू मात्र थोडी वाढव. तिथले तेव्हाचे जनरल मॅनेजर रे शेरो यांच्याकडे लीगमध्ये सर्वांत कमी गोल करणारा संघ आणि कॅपमध्ये भरपूर जागा होती, त्यामुळे आपला उत्तम तरुण बचावपटू सोडणे त्यांना परवडणारे होते.

शेवटी, त्याच दिवशी मॉन्ट्रियलने सुबान देऊन नॅशव्हिलकडून वेबर घेतला, तो सुबान-वेबर ट्रेड तू याच चौकटीत बसवला आहेस, तो तिथून काढ. पी. के. सुबानच्या करारातले, त्याच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याचे कलम 1 जुलैपासून लागू होणार होते, म्हणजे मॉन्ट्रियलसमोर घड्याळ होते. एडमंटनसमोर तसे काहीच नव्हते. हॉलच्या बाबतीत किआरेली थांबू शकत होता का, आणि लुचिचशी बोलणी होत असताना लार्सनसाठी एखादा दुसरा फॉरवर्ड किंवा ड्राफ्टमधली निवड पुढे करता आली असती का, यावर एक परिच्छेद नव्याने लिही. त्या वेळी ऑयलर्सकडे असलेल्या प्रत्येक फॉरवर्डचे वय, रक्कम आणि कराराची उरलेली वर्षे यांचा तक्ता आधी कर, आणि मसुद्यासोबत तोही पाठव.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना वाचक