फिलिपिन्सच्या स्वस्तातल्या सूडपटांपैकी आधी कोणता बघावा?

तुम्ही विचारलंय की मनिलात बनलेले ते कमी पैशातले मारधाडीचे सूडाचे पिक्चर सगळे एकसारखेच वाटतात, मग सुरुवात कुठून करायची आणि त्यात बघायचं तरी काय. माझ्या मते सुरुवात 'द वन आर्म्ड एक्झिक्युशनर' पासूनच करा. 1981 चा आहे, दिग्दर्शक बॉबी सुआरेझ.

गोष्ट दोन ओळींची. इंटरपोलचा एक माणूस, नुकतंच लग्न झालेलं, ड्रग्जवाल्यांच्या मागे लागलेला, ते लोक घरात घुसून बायकोला मारतात आणि त्याचा एक हात तोडतात. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये हिरो लगेच बंदूक उचलून निघाला असता, इथे तो दारूत बुडतो, कोलमडतो, आणि मग कुठे एक जण त्याला परत उभं करायला घेतो, त्यानंतर जे ट्रेनिंग आहे ना ते या पिक्चरचं काळीज आहे. एक हात गेला की लाथ मारताना तोल जातो, पडलं तर उठायला टेकू मिळत नाही, म्हणजे अंगाला सगळं परत पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि एवढ्या कमी बजेटचा पिक्चर त्यासाठी वेळ देतो. हिरो झालेल्या फ्रँको गेरेरोने हे काम फार मन लावून केलंय. बायको गेल्याचं दुःख आणि अंगाची ती मेहनत एकच होऊन जाते, म्हणून शेवटचा बदला पटतो. मला सूडपटात हेच हवं असतं.

आता सगळे सारखे का वाटतात, तर बरेचसे खरंच एकच आहेत! सिरिओ सांतियागो नावाचा दिग्दर्शक होता, त्याच्या वडिलांची प्रीमियर प्रॉडक्शन्स ही मनिलातली जुनी कंपनी. अमेरिकेतला निर्माता रॉजर कॉर्मन 1971 च्या आसपास तिथे स्वस्तात शूटिंग करून पिक्चर अमेरिकेत विकायला लागला, त्याची आणि सांतियागोची जोडी जमली ती कित्येक वर्षं टिकली. सांतियागोचेच तीन बघा. 1974 ला 'टीएनटी जॅक्सन', एक बहीण आपल्या भावाच्या खुनाचा माग काढत हाँगकाँगला येते. 1981 ला 'फायरक्रॅकर', आता कराटेवाली बाई बहिणीला शोधत मनिलात. 1993 ला 'एंजलफिस्ट', परत बहीण, परत मनिला. सांगाडा तोच, फक्त जागा आणि माणसं बदललेली. मला यात आळस नाही दिसत. पैसे नाहीत, दिवस कमी, मग अशी गोष्ट घ्यायची जी पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला कळते आणि उरलेली सगळी रीळ मारामारीला देता येते, भाऊ किंवा बहीण मेली एवढं दाखवलं की पुढे कुणी का म्हणून विचारत नाही.

यातला 'फायरक्रॅकर' बघाच, कारण त्यात आर्निस आहे. ही तिथली स्वतःची काठीची विद्या, एस्क्रिमा किंवा काली पण म्हणतात, 2009 ला कायद्याने तो त्यांचा राष्ट्रीय खेळ झाला. आपल्याकडची लाठी डोळ्यासमोर आणू नका, ही काठी हाताएवढी, साधारण 28 इंचांची, वेताची असते. वेत बांबूसारखा फुटून टोकदार होत नाही, चेचला जातो, म्हणून जोरात आपटूनही सराव करता येतो. आणि मार आधी समोरच्याच्या हत्यार धरलेल्या हातावर, अंगावर नंतर. कॅमेरा लांब ठेवून एकच सलग शॉट असला की दोन काठ्या एकमेकीत कशा विणल्यासारख्या फिरतात ते दिसतं, कट जास्त मारले की सगळी मजा गेली. फक्त काठीसाठीच बघायचं असेल तर रोलंड दांतेसचा 'स्टिक्स ऑफ डेथ' शोधा, तो स्वतः आर्निस येणारा माणूस होता.

'ब्लडफिस्ट' (1989) बहुतेकांनी नाव तरी ऐकलेलं असतं, तोही मनिलातलाच, भावाच्या खुनासाठी स्पर्धेत उतरायचं वगैरे. हिरो डॉन विल्सन खरा किकबॉक्सिंग चॅम्पियन आणि समोर बिली ब्लँक्स, रॉब कामन अशी खरी लढणारी माणसं, त्यामुळे लाथा खऱ्या वाटतात. अभिनय कच्चा आहे, पण त्यासाठी सोडू नका.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. परदेशात विकायचे म्हणून यातल्या पुष्कळ पिक्चरमध्ये बायकांना विनाकारण उघडं दाखवलंय, 'फायरक्रॅकर' मध्ये पण आहे, आणि सांतियागोचाच 'नेकेड व्हेंजन्स' (1985) तर बलात्कारावर उभा आहे, तो मी कुणालाच सुचवत नाही. घरच्यांसोबत बघायचे पिक्चर नाहीत हे.

इंग्रजी आवाज बऱ्याचदा नंतर स्टुडिओत भरलेले असतात, ओठ जुळत नाहीत, पहिली वीस मिनिटं खटकेल मग सवय होते. हिरोच्या मागे धडपडणाऱ्या, छपरावरून उडी मारणाऱ्या माणसांकडे नीट बघा, मनिलातल्या स्टंटवाल्यांचे ग्रुप होते, एसओएस डेअरडेव्हिल्स वगैरे, आणि एडी निकार्टसारखा स्टंटवाला पुढे दिग्दर्शकसुद्धा झाला. हे सगळं कसं बनायचं याच्यावर मार्क हार्टलीची 2010 ची 'मशेटी मेडन्स अनलीश्ड' ही डॉक्युमेंट्री आहे, ती दोन-तीन पिक्चर बघून झाल्यावर लावा, आधी नको.